हेमराज, ती गाय आधी गाभडली होती

हेमराज, तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. तेरवीचं बोलावणं मला आलं नाही. कौसल्यावहिनींनी अख्ख्या गावाला जेवू घातलं, कुडव्याच्या चहावाल्यालाही निरोप गेला, आणि तुझ्यापासून चार घरं पलीकडे राहणारा मी ओसरीत बसून पंगतीचा आवाज ऐकत राहिलो. फार राग आला. माझा राग तुला माहीत आहे, तो आधी येतो आणि कारण मागून शोधतो. या वेळीही कारण शोधायला बसलो. वहिनींकडून सुरू केलं, मग तुझ्याकडे आलो, मग गावाकडे, आणि शेवटी जिथे पोचलो तिथे तुमच्यापैकी कोणीच नव्हतं. मी होतो, आणि माझ्या हातातल्या दोरीला ती काळी-पांढरी गाय होती.

म्हणून लिहितो आहे. गोठ्यात सहा गायी उरल्यात. सहाही तूच भरलेल्या, सहाही गाभण, आणि सहाही आता सातव्या महिन्यात आहेत. सातवा महिना म्हणजे काय ते आपल्या दोघांशिवाय या गावात कोणाला कळत नव्हतं. आता मला एकट्यालाच कळतं.

तू कृत्रिम रेतनाच्या कामाला लागलास तेव्हा लोक हसायचे, आणि सगळ्यात मोठ्याने मी. मी तेव्हा सायकलला दोन कॅन बांधून गोंदियात दूध घालायचो आणि उरलेल्या वेळात गायींची दलाली करायचो. तू मोटारसायकलच्या कॅरिअरवर नायट्रोजनची टाकी गोणपाटात गुंडाळून आणायचास. झाकण उघडलं की पांढरा धूर निघायचा आणि बायका पदर नाकाला लावायच्या. मग थर्मासमधलं पाणी भांड्यात ओतून त्यात थर्मामीटर बुडवायचास, चिमट्याने वीर्याची कांडी काढून त्या पाण्यात सोडायचास आणि ओठातल्या ओठात आकडे मोजायचास.

"काय गा हेमराज, चाय बनवून रायला का?"

"अर्धा मिनिट बोलू नको."

"साखर टाकली का?"

"शेठ, पाणी थंडं असलं तं कांडी मरते, गरम असलं तरी मरते. मंग तुया गाईच्या पोटात का हवा सोडू?"

शेठ म्हणायला तूच सुरुवात केलीस. माझ्या पायात तेव्हा धड चप्पल नव्हती, म्हणून ती थट्टा होती. पुढे लोक खरोखर म्हणू लागले तरी तुझ्या तोंडून तो शब्द मला कायम टोचला.

तुझ्या आधी जो माणूस यायचा तो कांड्या सदऱ्याच्या खिशात घालून गावभर फिरायचा आणि जिथे गाय दिसेल तिथे भरायचा. त्याच्या गायी थांबत नसत, म्हणजे गाभ धरत नसत, यात नवल नव्हतं. पण तुझ्याही थांबत नव्हत्या. पाणी मोजून, वेळ मोजून, सगळं पुस्तकाप्रमाणे करून एकवीस दिवसांनी गाय पुन्हा माजावर यायची. उलटली, असं आम्ही म्हणतो. निम्म्याहून जास्त उलटायच्या. उलटलेली गाय म्हणजे आणखी एक महिना फुकटचा चारा. दोनदा तीनदा उलटली की लोक ती माझ्याकडे विकायला आणायचे, आणि मी पडेल भावाने घ्यायचो. तुझ्या अपयशावर माझा धंदा वाढला, हे मी तेव्हा तुला तोंडावर सांगितलंही होतं. तू हसला नव्हतास. म्हणालास, "एक दिवस तुया हा धंदा बंद करतो पाय."

आणि केलास. ते कसं केलंस हे गावाने विसरू नये असं मला वाटतं.

तुझा नियम साधा होता. सकाळी माज दिसला तर त्याच संध्याकाळी भरायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. आपल्या गावच्या गायी सकाळी गावाबाहेर आखरावर जमतात, तिथून दशरथ गायकी त्यांना चरायला नेतो आणि दिवस मावळताना परत आणतो. मालक संध्याकाळी तुला सांगायचे, गाय माजावर आली. तू दुसऱ्या सकाळी यायचास. कित्येक वर्षं असंच चाललं. एक दिवस माझ्याच गोठ्यात तू गायीची तपासणी करून नाराज झालास, कारण तिची वेळ टळून गेली होती. दशरथ दारात बिडी ओढत उभा होता. सहज म्हणाला, "हे तं काल सकारपासूनच दुसऱ्या गाईंवर चढून रायली होती ना. बोडीच्या पारीवर."

तू त्याच्याकडे असा पाहत राहिलास की त्याने घाबरून बिडी विझवली.

"काल सकारी? मंग सांगतलास काऊन नाही?"

"सांगतलो ना. संध्याकारी गाय घरी आणून देल्लो तवा मालकाले सांगतलो. दिवसा गायी सोडून कोणाले सांगाले जाऊ? आन् मले कोण पुसते?"

गायीचा माज सकाळी यायचा आणि मालकाच्या कानावर संध्याकाळी पडायचा. तू मालकाच्या कानापासून वेळ मोजत होतास. एक अख्खी रात्र दरवेळी वाया जात होती, आणि तो जंगलातला माणूस रोज डोळ्यांनी सगळं पाहत होता. तू कपाळावर हात मारून घेतलास आणि तिथेच मातीत बसलास.

दुसऱ्या दिवशी दशरथला गेरूची पुडी दिलीस. सकाळी माज दिसला तर उजव्या शिंगाला बोट ओढायचं, दुपारनंतर दिसला तर डाव्या. लोकांनी विचारलं, पोळा आला का? दशरथला तर इतका मान चढला की तो चहा प्यायलाही गेरूने माखलेलं बोट वर धरून बसायचा. पण गायी थांबू लागल्या. मग तू लोकांच्या मागे लागलास, नुसत्या तणसावर, धानाच्या वाळल्या पेंढ्यावर, गायीला गाभ कसा राहील, खनिजाची भुकटी घाला, हिरवं काही घाला. म्हशींचा मुका माज ओळखायला बायकांना शिकवलंस, कारण धार काढायला त्याच बसतात. तीन-चार वर्षांत गावातली उलटणारी गाय माझ्याकडे येईनाशी झाली. मी धंदा बदलला, गाभण गायी विकू लागलो. माझा पक्का गोठा त्या पैशांतून उभा राहिला. म्हणजे तुझ्यातूनच.

हे मी तुला कधी म्हणालो नाही. केलं ते उलटंच. बाजारात शिंगाला गेरू असलेली गाय लोक डोळे झाकून घेऊ लागल्यावर मी दोन रिकाम्या गायींच्या शिंगांना स्वतः गेरू फासला, आणि तू भर बाजारात तिसऱ्या माणसासमोर बोललास, "शेठ, ही खाली आहे." माझा चेहरा त्या वेळी कसा झाला असेल ते तू पाहिलंस. वर्षभर मी तुझ्याशी बोललो नाही. आजही मला वाटतं की तू आधी मला बाजूला घ्यायला हवं होतंस. तू म्हणायचास की बाजूला घेतलं असतं तर मी तुझ्याशीही भाव केला असता. हे भांडण आपलं राहूनच गेलं.

आता त्या गायीचं.

अर्जुनीजवळच्या प्रतापगडच्या पायथ्याकडच्या एका गावात एका बुढ्याकडे ती मला दिसली. पाच महिन्यांची गाभण, भरदार कास, डोळे शांत. भाव जास्त सांगत होता. मी नेहमीप्रमाणे उठून निघालो, परत आलो, दात पाहिले, खूर पाहिले, तोंड वाकडं केलं. बुढा बिचारा सरळ होता. चहा देता देता म्हणाला, "खोटं काऊन बोलू, भाऊ, मागल्या साली सातव्या महिन्यात गाभडली होती. तेवढं सोडलं तं गाय लक्ष्मी हाये."

मी ते पकडलं. "गाभडलेली गाय कोण घेते बावाजी?" तेवढ्या एका वाक्यावर मी तासभर त्याला खाली खाली आणलं. टेम्पोत परत येताना मी खूश होतो, हेमराज. तू हे शिकवलेलं होतंस, की सातव्या महिन्यात गाभडलेल्या गायीला सांसर्गिक गर्भपाताचा रोग असू शकतो, तो गोठ्यात पसरतो, माणसालाही लागतो. मला ते आठवत होतं. आठवत होतं म्हणूनच तर भाव पाडता आला. पण गाय माझ्या गोठ्यात आल्यावर ती गोष्ट मी तिथेच बुढ्याच्या ओसरीवर सोडून आलो, जणू ती भावाबरोबर मिटली.

तू दुसऱ्याच दिवशी आलास. तिच्याभोवती फिरलास. "कोठची?"

"अर्जुनीकडची."

"आधीचं काही?"

"तिसरं वेत. एकदम साफ."

"वेगळी बांध. रक्त पाठवू तपासाले."

"रक्त कायले? कागदावर काही उलटंसुलटं आलं तं मी कोणाले विकू? तू नोकरदार माणूस, तुले धंदा समजत नाही."

तू खांदे उडवलेस. मी तिला सगळ्यांच्या मध्ये बांधली.

धानाची मळणी चालू होती तेव्हा, भर दुपारी, तिने सातव्या महिन्यात मेलेलं वासरू टाकलं. वार अडकली. दोन दिवस ती तशीच लोंबत राहिली, गोठ्यात उभं राहवत नव्हतं. तू आलास. तुझ्याकडे एकच लांब हातमोजा होता आणि तो घालताना मनगटाशी फाटला. सकाळी धान कापताना तुझ्या अंगठ्याला विळा लागला होता, त्यावर चिंधी होती. मला आत्ताही ती चिंधी दिसते.

"दवाखान्यातून मोजे आणतो. एक तास थांब."

आणि मी काय म्हणालो? "एका तासात गाय मेली तं तू भरून देशील का?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मग चिंधी सोडलीस आणि उघडा हात घातलास.

काम संपल्यावर तू बाहेर येऊन बाजेवर बसलास आणि अगदी हळू आवाजात विचारलंस. मोठ्याने विचारलं असतंस तर कदाचित मी रागाच्या भरात खरं बोलून गेलो असतो. "शेठ, खरं सांग. ही आधी कधी गाभडली होती का?"

"नाही."

हा एकच शब्द मला परत घ्यायचा आहे. बाकी सगळ्याबद्दल मी अजूनही भांडू शकतो.

तू सांगितलंस की वासरू आणि वार खोल पुरून वर चुना टाक. मी गडीमाणसांना सांगितलं, त्यांनी वरच्यावर पुरलं. दुसऱ्या सकाळी कुत्री बोडीच्या पारीवर, तळ्याच्या बांधावर, काहीतरी ओढत होती. दशरथ गायी घेऊन त्याच वाटेने गेला. माघात माझी दुसरी गाय गाभडली. मग तिसरी. मग दशरथच्या स्वतःच्या घरची, जिच्या दुधावर त्याची नातवंडं होती. ज्या गावात तू गायी थांबवायला शिकवलंस तिथे त्या थांबत होत्या आणि सात महिने वाढवून सगळं जमिनीवर टाकत होत्या.

तू मला तीन दिवस दिलेस. म्हणालास, "तपासणी करू दे, नाही तं मी गावाले सांगतो." मी तीनही दिवस तुझ्या दारात येऊन शिव्या दिल्या. वहिनी आत रडत होत्या. चौथ्या दिवशी तू दूध केंद्रावर उभा राहून सांगितलंस, दूध उकळल्याशिवाय पिऊ नका, गाभडलेल्या गायीला हात लावू नका, आणि शेठच्या गोठ्यातून जनावर नेऊ नका. माझा धंदा त्या एका सकाळी बसला. हा माझा तुझ्यावरचा राग होता. तुझी चिता पेटली तेव्हाही तो माझ्याकडे होता, मी तो सोबत घेऊन गेलो होतो आणि दूर उभा होतो.

पण मधलं एक तू कोणाला सांगितलं नाहीस, ते मी सांगतो. उन्हाळा लागताना माझ्या गायी पुन्हा माजावर आल्या. तुला बोलावणार नव्हतोच. वरच्या टोलीवरच्या वस्तीतला वळू आणायचं ठरवलं. कसं कोण जाणे, तुला कळलं. तू आलास. उन्हाचा फुफाटा होता आणि तुझ्या अंगावर स्वेटर होता.

"वळू लावू नको. तो हे दुखणं घरोघरी नेईल."

"तुले कोणी बोलावलं?"

"कोणी नाही. गाय धर."

तोंडाला रुमाल, दोन्ही हातांत मोजे. पाण्यातल्या कांडीचे आकडे मोजताना तुझे दात वाजत होते. मी गाय धरून उभा होतो. अशा सहा सकाळ-संध्याकाळी तू आलास. सहाच्या सहा पहिल्या वेळी थांबल्या. तुझ्या अख्ख्या नोकरीत असं कधी झालं नसेल.

तुझा ताप संध्याकाळी चढायचा आणि सकाळी उतरायचा. आपल्याकडे असा ताप म्हणजे मलेरिया. गोळ्या दिल्या, पुन्हा दिल्या. कंबर धरली, गुडघे धरले, म्हणे वय झालं. तुला संशय आला असेलही, पण माझं 'नाही' आणि न तपासलेलं रक्त आड आलं. शेवटी नागपूरला नेलं तेव्हा एका डॉक्टर मुलीने विचारलं, "तुम्ही काम काय करता?" इतक्या महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. वहिनींनी सांगितलं तेव्हा तिने लगेच वेगळी रक्ततपासणी लावली, असं म्हणतात. तोवर गायींचाच तो रोग हृदयाच्या झडपेपर्यंत गेला होता. तुला मालकाच्या कानाऐवजी गायकीच्या डोळ्यांवर जायला सुचलं होतं. ज्याने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं तो माणूस तुझ्या डॉक्टरांना सापडला नाही. तो चार घरं पलीकडे बसला होता. त्याने एकदा नागपूरला जाऊन एवढंच सांगायचं होतं की ती गाय आधीही गाभडली होती, मला माहीत होतं. तुला कदाचित लवकर औषध लागलं असतं. कदाचित नसतंही. हे कदाचित मी आता कोणाशी घासाघीस करून कमी करू शकत नाही.

वहिनींना कळलं आहे का, मला माहीत नाही. तेरवीला न बोलावण्यावरून वाटतं, कळलं असावं.

मागच्या आठवड्यात मी सहाही गायींचं रक्त पाठवलं. माझंही दिलं. दिवेलागणीला मला कणकण येते, बायको म्हणते थंडी आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

आणि काल देवरीहून मन्साराम आला. त्याला तू ओळखायचास, दोन वर्षांपूर्वी त्याने तुझ्या सांगण्यावरून गाय नेली होती. रिकामी गाडी घेऊनच आला होता. सरळ गोठ्यात शिरला, गायींच्या कासा चाचपल्या, पोटाखाली हात फिरवला.

"या दोन देऊन टाक."

"नाही विकायच्या."

तो हसला. भाव बोलला. मी म्हणालो, "मन्साराम, नको नेऊ. या गोठ्यात रोग आहे." तो आणखी मोठ्याने हसला आणि भाव वाढवला.

"शेठ, भाव वाढवाले लोक गाय चांगली सांगतात. तू खराब सांगून वाढवून रायला. तुयासारखा माणूस मी पाह्यला नाही."

मी पुन्हा म्हणालो. त्याने पुन्हा वाढवला. पंचवीस वर्षं मी लोकांना हेच शिकवलं होतं की शेठच्या तोंडच्या शब्दाचा अर्थ भाव असतो. मी शपथ घेतली तर त्याने पैशाच्या पिशवीला हात घातला. शेवटी कंटाळून म्हणाला, "जाऊ दे. तुमच्या हेमराजले बोलाव. तो म्हणेल तं नेतो, नाही म्हणेल तं वापस जातो. त्याच्या शब्दावर आपला भरोसा."

"तो गेला."

"कोठी?"

"गेला, मन्साराम. सोळा दिवस होतील उद्या."

त्याने टोपी काढली. मग विचारलं, "कायनं गेला गा?"

मी त्याला सगळं सांगितलं. बुढ्याच्या चहापासून अंगठ्यावरच्या चिंधीपर्यंत. तुला जे सांगायचं होतं ते देवरीच्या एका गिऱ्हाईकाला सांगितलं, उभ्या उभ्या, गोठ्याच्या दारात. मी थांबलो तेव्हा तो माझ्याकडे पाहत नव्हता. स्वतःचे दोन्ही तळहात समोर धरून पाहत होता, नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या.

"साबण हाये का?" त्याने विचारलं.

मी पाणी ओतलं. तो खूप वेळ हात धूत राहिला. मग रिकामी गाडी घेऊन गेला. आज सकाळी दूध केंद्रावर मी तुझ्याच जागेवर उभा राहून तेच सगळं पुन्हा सांगितलं. कोणी शिव्या दिल्या नाहीत. दशरथ उठून निघून गेला.

हे लिहिताना गोठ्यातून आवाज येतो आहे. तांबडी गाय सकाळपासून बसलेली नाही. शेपटी बाजूला धरून उभी आहे आणि वळून वळून स्वतःच्या पोटाकडे पाहते आहे. तिचे अजून अडीच महिने बाकी आहेत.